सुशील निपानेचा पगार

प्रताप नगरातल्या माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर निपाने कुटुंब तेरा वर्षं भाड्याने राहिलं. सुशील, त्याची बायको मिनल, मुलगी काजल आणि सुशीलची आई चंद्रकलाबाई. मी जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झालेली. मिस्टर आधीच गेले, मुलगा अमोल पुण्याला. त्यामुळे ही माणसं माझ्यासाठी नुसती भाडेकरू राहिली नव्हती. त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे, ते काही त्यांनी सांगितलं म्हणून आणि काही डोळ्यांनी पाहिलं म्हणून. शेवटी माझ्या हातून जे झालं तेही यात येईल. ते मी लपवणार नाही.

सुशील लग्नाचे अल्बम तयार करायचा. फोटो काढणं त्याचं काम नव्हतं. काटोल, मौदा, उमरेडकडचे फोटोग्राफर लग्न उरकलं की सगळे फोटो त्याच्याकडे आणून द्यायचे. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो. त्यातले दोनशे निवडायचे, रंग नीट करायचे आणि मोठ्या पानांवर असे मांडायचे, की उलटताना लग्न पुन्हा लागतंय असं वाटावं. एका पानामागे ठरलेले पैसे. डोक्यावर मालक नाही, तसा पाठीशीही कोणी नाही.

त्याचे वडील मनोहरराव उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. त्यांच्या हयातीतच माग विकला गेला. सुशील एकोणिसाव्या वर्षी इथे शहरात, बर्डीवरच्या बाजारातल्या एका फोटो लॅबमध्ये लागला आणि तिथेच कॉम्प्युटर शिकला. लोकांनी फोटो छापून घेणं सोडलं, लॅब बंद पडली. मग त्याने लॅबमधलाच एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि घरी बसून काम सुरू केलं. माझ्याकडे राहायला आला तेव्हा काजल चार वर्षांची होती.

पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की या घराचे महिने वेगळे आहेत. तुळशीचं लग्न झालं की सुशील खुर्चीला चिकटायचा. एप्रिल-मेमध्ये तर तो खाली दिसायचाच नाही. चंद्रकलाबाई त्याचं ताट कॉम्प्युटरपाशी नेऊन ठेवायच्या. आणि आषाढ लागला की तोच माणूस भरदुपारी गच्चीवर उभा असायचा. माझ्या नळाचा वायसर बदलून दे, शेजाऱ्यांचा कूलर उतरवून दे, असं काहीबाही करत फिरायचा. फोन खिशात, आणि दर थोड्या वेळाने तो काढून बघायचा.

मिनल मौद्याची. तिचे वडील शाळेत शिपाई होते. एकदा जिन्यावर बसून भाजी निवडताना ती मला म्हणाली, "आमच्या घरी कमी होतं काकू, पण एक तारखेले होतं. इथं आली तर वैशाखात आठवड्यातून दोनदा मटण, आन् भादव्यात तेल आणाले पैसे नाही. मले समजेच ना, आपण गरीब आहो का श्रीमंत."

लग्नानंतर तीन वर्षं तिने हे पाहिलं. मग एका उन्हाळ्यात, हातात पैसे असताना, तिने सुशीलला समोर बसवलं. आजपासून जो काही पैसा येईल तो माझ्या खात्यात जाईल, म्हणाली. त्यातून मी तुम्हाला दर महिन्याच्या एक तारखेला पगार देईन. काम जास्त झालं तरी तेवढाच आणि नाही झालं तरी तेवढाच. घर त्या पगारात चालेल. उरलेलं कोरड्या महिन्यांसाठी, आणि थोडं काजलसाठी वेगळं.

सुशील हसला होता. "मी तुझा नोकर होऊ का गं आता," म्हणाला.

"व्हा ना. मी काढून टाकणार नाही तुम्हाले," ती म्हणाली.

आणि खरंच, ती बाई त्या बोलाला जागली. पाडव्याला वर्षातून एकदाच पगारवाढ. तीही आधीच्या दोन वर्षांत ज्या वर्षी कमाई कमी झाली असेल ते वर्ष धरून. एका मे महिन्यात सुशीलने पंचवीस अल्बम दिले, तेव्हा त्याला मोटरसायकल घ्यायची होती. मिनल म्हणाली, पुढच्या मेमध्येही एवढेच आले तर घेऊ. पुढच्या मेमध्ये एवढे आले नाहीत. त्याने गाडी मागितली नाही आणि तिनेही तो विषय काढला नाही. काजलला तर पाचवी-सहावीपर्यंत वाटायचं की आपल्या बाबांचं कुठेतरी ऑफिस आहे आणि ते एक तारखेला पगार करतं.

माझं भाडं पाच तारखेला यायचं. तेरा वर्षांतल्या पहिल्या बारा वर्षांत एकदाही मला वर जावं लागलं नाही. पगारदार भाडेकरूंनी मला याहून जास्त त्रास दिलेला आहे.

कोरोनात लग्नंच बंद झाली. सुशीलच्या ओळखीचे दोघे फोटोग्राफर भाजीच्या गाड्या लावून उभे राहिले. निपानेंच्या घरी मात्र एक तारखेला पगार झाला. पुढच्या महिन्यातही झाला. मिनलने तो निम्मा केला, पण थांबवला नाही. तेव्हा मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं होतं. मी तिला म्हटलंही, "तू सरकारात असतीस तर आमचं खातं सुधारलं असतं वं." ती नुसती हसली.

पण ही शिस्त बाहेरच्या जगाला दिसत नव्हती. कोरोना सरल्यावर त्यांनी बेसा भागात दोन खोल्यांचा एक फ्लॅट पाहिला. सुरुवातीला भरण्यापुरता पैसा साठलेला होता, बाकी कर्ज हवं होतं. बँकेतल्या साहेबाने पगाराची चिठ्ठी मागितली. सुशीलने मिनलच्या खात्याचं इतक्या वर्षांचं पासबुक पुढे केलं. साहेब म्हणाला, यात कुठल्या महिन्यात लाख आहेत आणि कुठल्या महिन्यात शून्य आहे, मी हप्ता कशावर धरू? मिनलने दर महिन्याचा तो पगार दाखवला. साहेबाला ते समजलंच नाही. "म्हणजे तुम्हीच तुमच्या मिस्टरांना पैसे देता?" त्याने विचारलं. टेबलाजवळची दोन माणसं हसली. मिनलने कागद गोळा केले आणि दोघं परत आली. त्या दिवशी तिने मला एवढंच सांगितलं, की फ्लॅटची बाल्कनी तशीही लहान होती.

एक गोष्ट मात्र त्या घरात कोणी बोलत नसे. कोरोनाच्या दोन वर्षं आधी मोहित नावाचा सुशीलचा लॅबमधला जुना सोबती आला होता. एका खाजगी कॉलेजात डिझाइन करणाऱ्या माणसाची जागा निघाली होती. जाहिराती, पत्रकं, प्रवेशाची पुस्तकं करायची. पगार बेताचा, पण कायम, आणि भविष्य निर्वाह निधी कापला जाणार. मिनलच्या मनात फार होतं. सुशीलने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाला. त्याची वर्षाची कमाई त्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होती. "माझे वीस-बावीस फोटोग्राफर आहे काकू," तो मला म्हणाला होता. "ते काय एकदम सोडून जाणार आहे? एक गेला तर दुसरा येते." त्यात काहीच चुकीचं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर मीही हाच हिशेब केला असता. ती जागा मग मोहितनेच धरली. तो अजून तिथेच आहे.

पडझड सुरू झाली ती चोवीस सालच्या फेब्रुवारीत. चंद्रकलाबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेला महिना लागेल असं कळलं. म्हातारीला तसं ठेवणं सुशीलच्याने झालं नाही. खाजगी दवाखान्यात नेलं. कोरड्या महिन्यांसाठी ठेवलेलं त्यात बहुतेक गेलं. तरी मिनल घाबरली नव्हती. समोर उन्हाळा होता, सीझन होता. ती म्हणाली, "एप्रिल-मेमध्ये भरून निघते काकू."

त्या वर्षी मे आणि जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त होता. पंचांगात मुहूर्त नव्हते. काही लोकांनी काढीव मुहूर्तावर लग्नं केली, बाकीच्यांनी पुढे ढकलली. सुशीलकडे अख्ख्या उन्हाळ्यात नऊ अल्बम आले. आषाढ लागला तेव्हा मिनलच्या हाती पुढच्या दोन पगारांपुरतं उरलं होतं. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा एक तारीख कोरडी गेली.

तिने ते कसं केलं, मला सुशीलने सांगितलं. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "या महिन्यात नाही जमत." तो "बरं" म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तो तिथे गेला तर ती गॅस पुसत होती, आणि पुसतच राहिली. "मी काही बोललो नाही काकू," तो मला म्हणाला. "काय बोलाव? तिनं मले इतकी वर्षं सांभाळलं."

दोघांची आशा तुळशीच्या लग्नावर होती. ढकललेली लग्नं नोव्हेंबरात येणार होती. पण नोव्हेंबर आला तरी फोन वाजेना. सुशील एकेकाला फोन लावायचा. "हाव, करू ना, पाठवतो," असं म्हणायचे. पाठवायचे मात्र नाहीत. मग एक दिवस काटोलच्या भैयाजींचा फोन आला.

भैयाजी काटोलचे जुने फोटोग्राफर. सत्तरीच्या आसपासचे. रोलच्या कॅमेऱ्यापासून धंद्यात, बसस्टँडच्या मागे त्यांचा स्टुडिओ. सुशीलचं पहिलं काम त्यांचंच होतं, आणि वर्षाला पंचवीस-तीस अल्बम त्यांच्याकडून ठरलेले. फोनवर म्हणाले, "ये गा एक दिवस. काम आहे. जेवाले इथंच ये."

मिनलने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. सुशील सकाळच्या बसने गेला. संत्र्याचा हंगाम, बसमध्ये व्यापारी भरलेले, तो पूर्ण रस्ता उभाच होता. डोक्यात हिशेब चालला होता, की पंचवीस अल्बम एकदम दिले तर जानेवारीपर्यंतचं भागतं.

स्टुडिओत टेबलावर नवा कॉम्प्युटर होता, अजून अर्धा खोक्यातच. भैयाजींनी त्याला पाणी दिलं, घरच्यांची विचारपूस केली, चंद्रकलाबाईंच्या पायाचं विचारलं. मग म्हणाले, "सुशील, तुले खोटं नाही सांगत. पुतण्यानं हे एक सॉफ्टवेअर घेऊन देल्लं. यात फोटो टाकले का अल्बम आपोआप बनते म्हणते. आपोआप फोटो निवडते, आपोआप लावते. वर्षाचे पैसे भरले का झालं."

सुशील म्हणाला, "मी ऐकलं आहे."

"सगळेच घेऊन राहिले गा. गिऱ्हाइकाले आठ दिवसात अल्बम पाह्यजे. आन् पैसे कमीच करून राहिले. मी म्हतलं, माह्या वयात हे काय करता. पण पुतण्या आयकत नाही." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "पण मले हे लावता येत नाही. इंग्रजी आहे सारं. पुतण्याले टाइम नाही. दुसऱ्या कोणाले बोलवाव तर भरोसा नाही. तू लावून दे. जे होते ते घे."

सुशील मला म्हणाला, "काकू, मले वाटलं उठून याव. पण पाय उचलला नाही."

तो बसला. कॉम्प्युटर जोडला, ते सॉफ्टवेअर चढवलं आणि एका लग्नाचे अठराशे फोटो त्यात टाकले. चहा येईपर्यंत अल्बम तयार झाला होता. हे काम करायला त्याला अख्खा दिवस लागायचा. दोघांनी मिळून पानं उलटली. अल्बम वाईट नव्हता. पण हळदीच्या पानांवर नवरी पांढरीफटक दिसत होती. यंत्राला ती हळद रंगातली चूक वाटली होती आणि त्याने ती पुसून टाकली होती. भैयाजी म्हणाले, "पाह्य, मी म्हतलं होतं ना. याले काही समजत नाही."

इथे सुशीलला गप्प बसता आलं असतं. भैयाजींचा विश्वास त्या यंत्रावरून उडाला असता, निदान या सीझनपुरता तरी. पण त्याने सेटिंग उघडली. अर्धा-पाऊण तास खटपट करून हळद हळदीसारखी दिसेल असं केलं. बिदाईच्या फोटोंमधले बरेचसे यंत्राने बाहेर फेकले होते, कारण रडणाऱ्या माणसांचे डोळे मिटलेले असतात. ते परत कसे घ्यायचे हे त्याने भैयाजींना दोनदा करून दाखवलं. मग एका वहीत मराठीत सगळं लिहून दिलं. आधी हे दाबा, मग ते दाबा.

जेवताना भैयाजींचं घासावर लक्ष नव्हतं. निघताना त्यांनी पाकीट दिलं. सुशीलने घेतलं. "तुले राग आला असन," ते म्हणाले.

"नाही भैयाजी. तुम्ही काय कराल."

"तुह्यासारखं काम कोणी करत नाही, हे मी आजही सांगतो कोणालेही."

"हो," सुशील म्हणाला आणि बसस्टँडकडे निघाला.

घरी आल्यावर मिनलने सगळं ऐकून घेतलं. मी तेव्हा वरच बसले होते, चंद्रकलाबाईंच्या पायाला तेल लावायला गेले होते. तिने त्याच्या हातातलं पाकीट घेतलं. मग म्हणाली, "लावून देलं ते देलं. पण नीट काहून लावून देलं?"

सुशील म्हणाला, "चूक लावता आलं नाही मले."

मला वाटलं आता त्या कॉलेजच्या जागेचा विषय निघेल. नाही निघाला. तिने पाकीट उघडून पाहिलंही नाही, फ्रिजवर ठेवून दिलं.

त्यानंतर महिनाभरात सुशीलने आणखी दोन ठिकाणी जाऊन ते सॉफ्टवेअर लावून दिलं. ते लोक स्वतःहून बोलवायचे. भैयाजींनीच त्याचं नाव सांगितलं होतं, चांगल्या मनाने. तिसऱ्या वेळी तो गेला नाही.

काम शोधायला तो निघाला नाही असं नाही. फ्लेक्सच्या दुकानात विचारलं, तिथे बावीस-तेवीसची मुलं निम्म्या पैशात बसलेली. मोहितच्या कॉलेजात विचारलं. मोहित म्हणाला, आमच्याकडेच दोघांना कमी केलं आहे. एका दुकानात मालकाने वय विचारलं. सुशीलने त्रेचाळीस सांगितलं, तर म्हणाला, "तुम्हाला काम सांगायला मला संकोच होईल." सभ्य माणूस होता. पण नकार तो नकारच.

काजल त्या वर्षी बारावीला. तिला फिजिओथेरपी करायची होती. आजीचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडमला पाहून तिच्या मनाने घेतलं होतं. तिच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मिनलने जानेवारीत काढले. आधी म्हणाली, फक्त एका महिन्यापुरते. फेब्रुवारीत पुन्हा काढले. काजलला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिने माझ्याकडे येऊन विचारलं, "काकू, फिजिओथेरपी सोडून दुसरं काय असते, ज्याले कमी पैसे लागते?" मी तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवतही नाही. सतरा वर्षांच्या पोरीला मी थातूरमातूर उत्तर दिलं, एवढं मात्र ध्यानात आहे.

आता माझ्याबद्दल.

जानेवारीपासून माझं भाडं यायचं थांबलं. मी मागितलं नाही. मला पेन्शन आहे, माझं अडत नव्हतं. पण मार्चमध्ये अमोल आला. त्याच्या मनात वरच्या मजल्याला दोन संडास-बाथरूम बांधून खोल्या करायच्या आणि शिकणाऱ्या मुलींना द्यायच्या, हे बऱ्याच दिवसांपासून होतं. इतकी वर्षं मी "निपाने आहेत ना" म्हणून टाळलं होतं. या वेळी त्याने विचारलं, "भाडं येतंय का?" मी खोटं बोलले नाही. मग तो म्हणाला, "आई, तू त्यांना मदत करत नाहीयेस. त्यांच्यावर उपकार चढवतेयस. त्यांनाही ते जड होत असेल."

त्याचं बोलणं मला पटलं, की पटवून घेणं सोयीचं वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी वर गेले. मिनल कपड्यांच्या घड्या करत होती. मी म्हटलं, "मिनल, अमोल काम काढायचं म्हणतो आहे."

तिने मला पुढचं बोलूच दिलं नाही. "आम्ही उमरेडले जायचंच म्हणत होतो काकू. तिथं सासऱ्याची एक खोली आहे. कुलूपच आहे तिले."

"घाई नाही. काजलची परीक्षा होऊ दे."

"हो. परीक्षा होऊ द्या." घडी घातलेला टॉवेल तिने पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "भाडं राहिलं आहे तुमचं."

"ते राहू दे."

"नाही, देईन मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी घर सोडलं. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. चंद्रकलाबाईंना समोर ड्रायव्हरशेजारी बसवलं. त्या मला म्हणाल्या, "सिंधूताई, आता माहेरी गेल्यासारखं वाटन मले." माहेर त्यांचं उमरेडचं नव्हतंच, पण मी हो म्हटलं. सुशीलने खाली येऊन माझ्या हाती वरच्या किल्ल्या दिल्या, गच्चीच्या टाकीचा नळ कुठे अडकतो ते सांगितलं आणि मागच्या बाजूला चढून बसला. काजल आईला टेकून बसली होती. वळणापर्यंत कोणी हात हलवला नाही. मीही नाही.

त्यानंतर मिनलचे दोन-चार फोन आले. काजलने उमरेडच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं आहे आणि दुपारी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बसते. तिला महिन्याला ठरलेलं मिळतं. मिनल ब्लाउज शिवते. सुशीलचं विचारलं की म्हणायची, "जातात कुठं कुठं." माझं थकलेलं भाडं तिने तीन वेळा थोडं थोडं करून पाठवलं. मी परत पाठवू पाहिलं, तर तिने दोन महिने माझा फोन उचलला नाही. मग मी ते ठेवून घेतलं.

सुशीलला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या डिसेंबरात, भांडेवाडीकडच्या एका मंगल कार्यालयात. नात्यातल्या मुलीचं लग्न होतं, दुपारचा मुहूर्त. स्टेजवर गर्दी होती. समोर एक पंचवीस-सव्वीसचा फोटोग्राफर लोकांना इकडे सरका, तिकडे सरका करत होता. त्याच्या मागे एक माणूस उंच दांड्यावरचा दिवा धरून उभा होता. फोटोग्राफर जिकडे वळेल तिकडे तो दिवा वळवायचा. त्या दांड्यामागे मला सुशीलचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, काळा टी-शर्ट, पाठीवर त्या पोराच्या स्टुडिओचं नाव.

मी टाळू शकले असते. पण गर्दी जरा कमी झाल्यावर जवळ गेले. त्याने मला पाहिलं आणि दिवा खाली न ठेवताच मान लववली. "कशा आहात काकू?"

"मी बरी आहे. तू इथे रोज असतोस का?"

"रोज कुठं. मुहूर्त असला का बोलावते. दिवसाचे देते." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने लगेच जोडलं, "काम सोपं आहे. नुसतं धरून राहायचं."

"अल्बमचं काहीच नाही का आता?"

"नाही." त्याने दांडा दुसऱ्या हातात घेतला. "कॉम्प्युटर विकला. पाच हजार आले. त्याची तेवढीच किंमत होती."

"आणि मिनल?"

"आहे चांगली." तो पुढे काही बोलणार होता, पण स्टेजवरून हाक आली, "ओ भाऊ, लाइट." नवरीकडच्या बायका फोटोसाठी वर चढल्या होत्या. सुशील गेला. त्याने दिवा नवरीच्या डाव्या बाजूने धरला, मग जरा मागे घेतला आणि तिरका केला. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम मऊ झाला. फोटोग्राफर मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही.

जेवायला चल, असं मी पंगतीकडे जाताना त्याला म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या काकू. आमचं सगळ्यात मागून असते." मी जेवले. परत आले तेव्हा बिदाईची तयारी चालली होती आणि तो दारापाशी दिवा घेऊन उभा होता. तीन-चार गाड्या मधे होत्या. त्याला हाक न मारताच मी रिक्षात बसले.